खालच्या आळीतला मेन रोड

मी खोटं बोलले न्हाई. हे आदीच सांगून ठेवते, म्हंजी मागनं कुणी माज्या नावानं खडे फोडायला नकोत. त्येनं इचारलं, "इथं मोठी गाडी येते का?" म्या म्हणलं, "येती की. दहा चाकी येऊन गेलीय." आता आली व्हती का न्हवती दहा चाकी? आली व्हती. उभ्या वाडीनं बगितली व्हती.

आमची वाडी शिवरं सोडलं की कापूरहोळच्या अलीकडं, हायवेच्या उजव्या अंगाला. वाडीच्या पोटातनं एक बोळ निघतो, खालच्या आळीतनं वळण घेतो आन् पलीकडं भोर रोडला जाऊन मिळतो. त्या वळणावरच माजं घर. पुडच्या खोलीत माजी पिठाची गिरण. सासऱ्यानं घर बांधलं, पण गिरण माजी. माज्या बांगड्या मोडून घेतलेली. वाडीतल्या बाया दळण घेऊन येत्यात, ओट्यावर बसत्यात, आन् कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते मला पिठाच्या आदी कळतं.

दोन हजार सहा साल असंल. एक माणूस मोटारसायकलवर आला. टाकीवर एक डबडं बांधलेलं, त्येला वायर, पाठीला पिशवी, हातात वही. म्हणला, मी नकाशावाला. आबाळातल्या उपग्रहावरनं रस्ते मोजतो, मंग गाडीतलं यंत्रच डायवरला रस्ता सांगणार. म्या म्हणलं, बरं बाबा, चा घे. ओट्यावर बसला, चा प्याला, आन् इकडं तिकडं बगत हसत म्हणाला, "काकू, हा तर बोळ आहे. इथं बैलगाडी तरी वळते का?"

झालं. माजी तिडीक मस्तकात गेली. माज्या दारात बसून, माजा चा पिऊन, माज्याच आळीला नावं ठेवतो! म्या म्हणलं, "बोळ कुणाला म्हणतोस? ह्यो मेन रोड हाय." त्येनं लिवलं, मेन रोड. मंग त्येनं मोठ्या गाडीचं इचारलं, आन् म्या दहा चाकीचं सांगितलं. समोरच्या ओट्यावर चंद्राआक्का तांदूळ निवडत बसली व्हती. तिनं बी मान डोलवली. "व्हय व्हय, आली व्हती," म्हणली. त्येनं ते बी लिवलं आन् गेला.

आली व्हती, अठ्ठ्याण्णव साली. भैरोबाच्या देवळाला दगड घेऊन. आली ती माज्या कोपऱ्यावर आडकली. पुडं जाईना, मागं सरंना. दोन दिस तितंच. डायवर दोन्ही दिस माज्या घरी जेवला. शेवटी चंद्राआक्काच्या न्हाणीची भिंत पाडली, तवा कुठं सुटली. पण त्येनं आली का एवढंच इचारलं. गेली कशी, ते इचारलंच न्हाई. आन् म्या कशाला सांगू? आपल्या घरची फाटकी गोधडी कुणी पावण्याच्या अंगावर घालतं का?

तीन वरसं काय झालं न्हाई. मी इसरून बी गेले.

नऊ सालच्या श्रावणात दुपारची दळत व्हते. एकाएकी खोलीत अंधारलं. बगते तर दारात लोखंडी भिंत उभी! कंटेनर. चाळीस फुटी. तोंड वळणाच्या पुडं, शेपूट मागं, आन् पोट माज्या ओट्याला टेकलेलं. वरची लाइटीची वायर टपाला घासत व्हती. म्या गिरण बंद केली आन् पाटीवरचा खराटा घेऊन भाईर आले.

"कुठं निगालास रं मुडद्या? डोळे फुटलेत का?"

डायवर खिडकीतनं वाकला. चाळिशीचा, आष्टीकडचा, नाव धनाजी. रडकुंडीला आलेला. म्हणला, "ताई, मला काय म्हायती? कंपनीत जायचंय, भोर रोडला. हिनं सांगितलं हितनं वळ." आन् बोट दाखवलं. काचेला चिकटलेलं एक डबडं, त्येच्यात बारका टीव्ही, आन् आतनं एक बाई बोलती, "सौ मीटर आगे जाइए."

"तिला भाईर काढ!" म्या म्हणलं. "हितं येऊन बग म्हणावं शंभर मीटर! पलंगावर बसून रस्ता सांगती व्हय गं सटवे?"

आळीतल्या बाया हसल्या. त्यो बी हसला बिचारा, घामानं निथळत. मंग हनीफला बोलवलं. हनीफ म्हंजी माजा नवरा. नाव घेते, आता ह्या वयात काय लाजायचं. त्येंचं हायवेला पंक्चरचं दुकान. त्येंनी येऊन बगितलं, आन् एकेका टायरची हवा सोडाय लागले. हवा सोडली की गाडी चार बोटं खाली बसती, वायर वाचती. मंग इंच इंच करत, "आंदे, आंदे, बस्स!" करत, सांज झाली तवा कंटेनर पलीकडं निगाला. जाताना माज्या ओट्याचा कोपरा घेऊन गेला.

मला वाटलं, चुकून आला, गेला. कुठलं काय! आठवड्याला दोन, मंग तीन. समद्यांच्या काचेला तीच बाई. कापूरहोळवरनं वळलं तर तीन किलोमीटर लांब पडतं, म्हणून तिला माज्या दारातनं जायची हौस. नळाची पाईप दोनदा फुटली. चंद्राआक्काची नवी न्हाणी पुन्यांदा गेली. माजी गिरण हादरून हादरून दगड सरकला, पीठ भरडं यायला लागलं. बाया बोलून दाखवाय लागल्या, "हलिमा, भाकरी थापंना गं." ती बोलणी मला ओट्याच्या कोपऱ्यापेक्षा जास्त लागली. हनीफनं बोळाच्या तोंडावर पाटी लावली, मोठ्या गाडीला बंदी. पण परमुलखातला डायवर पाटी वाचंल का डबड्यातल्या बाईचं ऐकंल?

मी सरपंचाकडं गेले. आनंदराव. माणूस तसा वाईट न्हाई, पण बूटवाला दिसला की त्येचा कणा मऊ पडतो. म्हणला, "भाभी, बगतो कायतरी." बगितलं त्येनं. दिवाळी सरल्यावर कंपनीचा एक साहेब घेऊन माज्या दारात आला. बरोबर टेप धरणारी दोन माणसं.

"भाभी, तुमच्या मनासारखं झालं," आनंदराव म्हणला. "कंपनी सोताच्या खर्चानं रस्ता रुंद करून देणार. तुमच्या पुडनं फक्त सहा फूट लागंल. भरपाई देत्यात."

सहा फूट! माजी पुडची खोलीच साडेसात फुटाची. त्या माणसांनी फक्कीची रेघ मारली ती ओट्यावरनं उंबऱ्यात, उंबऱ्यातनं आत, आन् बरोबर माज्या गिरणीच्या पायातनं आरपार. पांढरी रेघ. पीठ सांडल्यासारखी.

"गिरण मागं सरकवा," साहेब म्हणाला.

"मागं कुठं? मागं चूल हाय, आन् चुलीमागं ओढा," म्या म्हणलं. "आन् रस्ता रुंद कशाला? गाड्या येऊ नका म्हणून सांगा की."

त्यावर साहेबानं एक कागद काढला, रंगीत, नकाशाचा. बोट ठेवून म्हणाला, "बाई, हा रस्ता मुळात मोठ्या वाहनांचाच आहे. हे बघा. मेन रोड. अवजड वाहने, होय. आम्ही नाही लिहिलं हे, नकाशातच आहे."

मेन रोड. ते दोन शबूद कुणाच्या तोंडचे व्हते, ते त्या उभ्या आळीत दोघींनाच ठावं. म्या समोर बगितलं. चंद्राआक्का ओट्यावरनं उठून आत गेली.

त्या दिवसापासनं आठ दिस म्या त्या रेघेवर पाय न ठेवता दळलं. सोमवारी ग्रामसभा लागणार, ठराव व्हणार, मंग जेसीबी. हनीफला म्हणलं, कायतरी करा. हनीफ गुडघ्यात मान घालून बसले. "हलिमा, मी टायरवाला. गाडीच्या जिवावर आपलं घर चालतं. गाडीशी कसा भांडू?" त्येंना काय बोलू? खरी गोष्ट त्येंना बी सांगितली न्हवती. सारी वाडी म्हणणार, हलिमाच्या फुशारकीनं हलिमाचं घर गेलं. ह्या वाडीत माणूस मरतं, पण त्येची फजिती मरत न्हाई.

आइतवारी चंद्राआक्का दळण घेऊन आली. आळीत दुसरं कुणी न्हवतं. म्हणली, "मान म्या बी डोलवली व्हती, हलिमा."

"तुजी न्हाणी जाती, आक्का. माजी गिरण जाती."

"मंग रडत बसतीस का?" ती म्हणली. "उद्या माजं भात वाळत घालायचंय. तुज्या दारापतूर घालू का?"

मी तिच्या तोंडाकडं बगितलं. म्हातारीच्या डोळ्यात काय व्हतं ते मला कळलं, आन् आठ दिसांत पहिल्यांदा मी पोट धरून हसले.

आता हे वाडीभाईरच्या माणसाला सांगाय लागंल. आमच्याकडं भाताची झोडणी झाली की दाणं उन्हात वाळवायचं. आळीत सिमिट टाकल्यापासनं त्यो बोळच आमचं खळं. मागशीर लागायच्या आत आठ-दहा दिस बोळ भाताचा. तितं चप्पल घालून कुणी पाय ठेवत न्हाई. बाया अनवाणी पायानं भात परतत्यात, तेवढाच काय तो पाय. सरपंच बी मोटारसायकल तोंडाला लावून, वहाणा हातात घेऊन कडंनं जातो. कुणी सांगाय लागत न्हाई. हिंदू, मुसलमान, सोयरा, वैरी, समद्यांना त्यो एकच कायदा.

एरवी कडंनं माणूस जायला वाट ठेवत्यात. त्या सोमवारी न्हाई ठेवली.

ऊन वर आलं तसं आमी पोती सोडली. चंद्राआक्काचं आंबेमोहोर, आमच्या वाट्याच्या रानाचं इंद्रायणी, मंग शेजारणी आल्या, त्येंची. भिंतीपासनं भिंतीपतूर, वळणाच्या ह्या तोंडापासनं त्या तोंडापतूर, निसतं पिवळं. शेवटी आनंदरावाची बायको रत्ना डोक्यावर पोतं घेऊन आली. म्हणली, "आमचं बी घाला. पुडं घाला, हायवेच्या तोंडाला." मी बगतच राहिले. तशी म्हणली, "काय बगता भाभी? आमच्या घरी भाकरी बी तुमच्याच पिठाची व्हती. आता चाळणीत निम्मा कोंडाच राहतो."

अकराच्या सुमाराला कंटेनर आला. भात बगितलं आन् थांबला. डबड्यातली बाई आत बोंबलत व्हती, "सीधे जाइए, सीधे जाइए." खिडकीतनं बगितलं तर धनाजीच.

"ताई," त्यो म्हणला, "काय केलं हे?"

"वाळवण. घालतोस का गाडी? घाल."

त्यो खाली उतरला. चप्पल गाडीजवळच काढली. वाकून मूठभर भात उचललं, दाताखाली दाणा धरला. "अजून वलं हाय. चांगली दोन उन्हं पायजेत," म्हणला, आन् परत जाऊन इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात घातली.

मागं दुसरी गाडी लागली, तिच्यामागं जीप. हॉर्नवर हॉर्न. तासाभरात कंपनीचा साहेब आला, आनंदराव आला, सभेला जमलेली वाडी तशीच हिकडं आली. साहेबाचं तोंड लाल. "सरपंच, रस्ता मोकळा करा! हे काय चाललंय?"

आनंदराव पुडं आला, एक पाय उचलला, आन् खाली बगितलं. रत्नाच्या पोत्यावर आनंदरावाचंच नाव रंगवलेलं, भाताच्या कडंला पडलेलं. पाय जागच्या जागी ठेवला. "साहेब, भात हाय," म्हणला.

"मग उचला!"

"वलं हाय."

साहेब धनाजीकडं वळला. "तू चल रे. घाल गाडी. नुकसान कंपनी देईल."

धनाजी म्हणला, "साहेब, कामावरनं काढा. पण माजा बाप बी दाणंच पिकवतो."

"हनीफभाई कुठंयत?" साहेब ओरडला. "हवा सोडा, गाडी बाजूनं काढू!" हनीफ गर्दीत व्हते, हातात पाना. म्या त्येंच्याकडं बगितलं. त्येंनी पाना माज्या ओट्यावर ठेवला, सावकाश. म्हणले, "आज हवा सुटायची न्हाई, साहेब." आगं बया, काय सांगू! लग्नाला सव्वीस वरसं झाली, पण त्या दिशी माणूस मला नव्यानं दिसला.

मंग साहेबानं त्यो कागद काढला. साऱ्या वाडीपुडं फडकवला. "हा रस्ता मोठ्या वाहनांचा आहे! नकाशात आहे! तुम्ही बेकायदेशीर अडवताय. पोलीस बोलवीन!"

पोलीस म्हणल्यावर गर्दी जरा मागं सरकली. बाया माज्याकडं बगाय लागल्या. आनंदराव म्हणला, "भाभी, नकाशात हाय तर आता काय करायचं?"

आन् मला कळलं, भात दोन दिस वाळंल. मंग ते पोत्यात जाईल, आन् कागद हितंच राहील. त्यो कागद एकाच माणसाला फाडता येणार व्हता.

मी ओट्यावर चढले. रेघेवरच उभी राहिले.

"त्यो नकाशा म्या लिवलाय," म्या म्हणलं.

"काय?"

"म्या! हलिमानं! तीन वरसाखाली नकाशावाला आला, माजा चा प्याला, आन् म्हणला हितं बैलगाडी वळंना. मला झोंबलं. म्या सांगितलं ह्यो मेन रोड हाय. त्येनं इचारलं मोठी गाडी येती का, म्या म्हणलं दहा चाकी येऊन गेलीय. अठ्ठ्याण्णव सालची दहा चाकी! कुणाला याद हाय?"

मंग मागनं कुणीतरी खुसकन हसलं. मंग समदीच. "दोन दिस आडकलेली ती?" "न्हाणी पाडलेली ती?" "आगं, डायवर आंगुळीला ओढ्यावर जायचा ती!" माजं तोंड तापलं. हसा म्हणलं. हसा लेको, पोटभर हसा. आठ दिस ज्येला भ्याले ते झालं, आन् मी काय मेले न्हाई.

"म्या बी व्हय म्हणलं व्हतं," चंद्राआक्का आपल्या ओट्यावरनं ओरडली. "माजं बी नाव लिवा!"

हसू थांबल्यावर आनंदराव जरा कडू तोंडानं म्हणला, "म्हंजी भाभी, चूक तुमचीच की."

"माजीच!" म्या म्हणलं. "माजी चूक, मी कबूल. पण म्या फुशारकी मारली ती एक चा पिईपतूर. तुमी तिच्यावर सिमिट ओतायला निगाला! साहेब, तुमच्या कागदात जे हाय ते माज्या तोंडचं हाय. मंग आता बी माज्या तोंडचंच ऐका. ह्यो बोळ हाय. हितं भात वाळतं, दळण व्हतं, बाया बसत्यात. पोलीस बोलवा, कलेक्टर बोलवा, त्या डबड्यातल्या बाईला बी बोलवा. मी हितंच हाय. ह्या रेघेवर."

साहेबानं मोबाईल काढला, कुणाला तरी लावला, रेंज न्हाई म्हणून हायवेकडं गेला. बूट घालून गेला, पण भातात पाय न ठेवता, ओट्याओट्यावरनं, भिंतीला अंग घासत. तेवढं त्येला बी कळलं.

दोन्ही गाड्या हायवेपतूर मागं घ्यायला सांज झाली. हनीफ मागं चालत हात दाखवत व्हते. ग्रामसभा तितंच, भाताच्या कडंला झाली. सहा फुटाच्या ठरावाला एक हात वर आला न्हाई. आनंदरावाचा बी न्हाई. रत्ना त्येच्या शेजारीच उभी व्हती. आन् आठवड्यानं कंपनीनं गेटवर डायवरांना चिठ्ठ्या द्यायला सुरवात केली, धनाजीनंच मला आणून दाखवली. एकच ओळ लिवलेली: यंत्र काहीही सांगो, कापूरहोळवरूनच वळा. एवढं सोपं व्हतं. त्येच्यापायी माजं घर पाडायला निगाले व्हते.

गिरणीच्या दगडाला टाकी लावून घेतली. पीठ पुन्यांदा रेशमावानी यायला लागलं. फक्कीची रेघ म्या पुसली न्हाई. दळणाची रांग आता तितनं लागती.

होळीच्या आदी त्यो नकाशावाला परत आला. त्योच माणूस, पोट जरा सुटलेलं, डबडं लहान झालेलं. कंपनीनं तक्रार केली म्हणं, नकाशा चुकीचा हाय, जाऊन बगून या. रांगेत पाच-सहा बाया व्हत्या, चंद्राआक्का व्हती. मी त्येला चा दिला. सगळ्यांची तोंडं माज्याकडं.

"काकू, रस्त्याचं नाव मागच्या वेळी मेन रोड लिहिलंय. तेच ठेवू?"

"खळं लिव."

"खळं हे रस्त्याचं नाव कसं होईल?"

"रस्ता कोण म्हणलं?"

त्येनं डोकं खाजवलं आन् लिवलं. मंग वहीत बगत, मागच्यासारखंच हसत, म्हणाला, "आणि मोठी गाडी येते का इथं?"

चंद्राआक्काचा हात सुपातच राहिला.

"येती," म्या म्हणलं.

त्यो लिवाय लागला. म्या त्येच्या पेन्सिलीवर हात ठेवला.

"थांब. येती, पण जात न्हाई. दोन्ही लिव. आन् जायच्या आदी मला वाचून दाखव."

त्येनं लिवलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. मंग म्या गिरणीचा पट्टा चढवला आन् चंद्राआक्काचं दळण घेतलं.